कवळीवर बुरशी का वाढते? कोटिंगमुळे ती थांबते का?

घरातल्या आजी-आजोबांच्या टाळूवर, कवळीखाली, लालसरपणा दिसतोय का? बहुतेकदा तो दुखत नाही, म्हणून दुर्लक्ष होतं. पण हा ‘डेन्चर स्टोमॅटायटिस’ असू शकतो. त्यामागे अनेकदा ‘कॅन्डिडा अल्बिकन्स’ ही बुरशी असते. मधुमेह असलेल्यांना आणि दम्यासाठी स्टिरॉइडचा पंप घेणाऱ्यांना धोका जास्त.

बुरशी चिकटते कशी?
बहुतेक कवळ्या अॅक्रिलिकच्या असतात. वरून गुळगुळीत वाटल्या तरी त्यांवर सूक्ष्म छिद्रं आणि ओरखडे असतात. बुरशी तिथे थर धरते. नुसती चूळ भरून तो निघत नाही. औषधाने टाळू बरा झाला, पण कवळी तशीच राहिली, तर त्रास परततो.

कोटिंग काय करतं?
सिलिका किंवा पाणी धरून ठेवणाऱ्या पॉलिमरचा पातळ थर बुरशीला चिकटू देत नाही. चांदीचे नॅनोकण असलेला थर तिला मारतो.

मग अडचण काय?
बरंचसं संशोधन अजून प्रयोगशाळेतच आहे. रोजच्या ब्रशिंगने थर झिजतो, चांदीमुळे कवळीचा रंग बदलू शकतो.

तोवर काय करायचं?
• रात्री कवळी काढून साध्या पाण्यात ठेवा.
• मऊ ब्रश आणि सौम्य साबणाने धुवा. टूथपेस्टने ओरखडे पडतात.
• उकळतं पाणी वापरू नका, आकार बिघडतो.
• लाली दिसली तर कवळीसकट दंतवैद्याकडे जा. पनवेलकरांसाठी कामोठे आणि खारघरला डेंटल कॉलेजं आहेत.