रक्तदाबाच्या आकड्याची गोष्ट

गेल्या वर्षी गणेशोत्सवात आपल्या मंडळाने आरोग्य तपासणी शिबिर ठेवले होते. आम्ही तेथे खुर्च्या लावायला गेलो होतो, तपासून घ्यायला नव्हे. गर्दी ओसरल्यावर शिबिरातल्या तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, आता तुम्हीही बसा." नुकताच चहा झालेला, खुर्च्या उचलून दम लागलेला. पट्टा फुगला, उतरला. १५८/९८. बाईंनी आकडा चिठ्ठीवर लिहिला, दोन-तीन दिवस शांतपणे पुन्हा मोजायला सांगितले. आम्ही चिठ्ठी खिशात टाकली आणि आरतीला उभे राहिलो.

घरी आईला सांगितले तेव्हा ती काही बोलली नाही. कपाटातून अण्णांच्या पेन्शनची फाइल काढली आणि तीतली एक जुनी चिठ्ठी पुढे ठेवली. १७०/१००. लिहिणाऱ्याने तोंडी सांगितलेले वाक्य आईला अजून पाठ आहे, "उम्र के हिसाब से ठीक है." त्यानंतर दोन वर्षांनी, एकसष्टाव्या वर्षी, अण्णांची उजवी बाजू गेली. दीड वर्ष ते अंथरुणावर होते. त्यांना कधी डोके दुखले नव्हते, चक्कर आली नव्हती.

"वयाच्या मानाने ठीक" हे वाक्य आले कोठून, याचा शोध घेताना आम्ही बरेच मागे गेलो. आम्ही लोक स्वास्थ्य यांत्रिकी विभागात उपयंत्री. जलूदहून नर्मदेचे पाणी विंध्याचा चढ चढून इंदुरात येते, तेव्हा दाब म्हणजे काय हे आम्हाला कोणी शिकवायला नको, असा आमचा समज होता.

रक्ताचा दाब पहिल्यांदा मोजला तो डॉक्टरने नव्हे, एका पाद्र्याने. इंग्लंडमधील टेडिंग्टनचे स्टीफन हेल्स यांनी एका घोडीला आडवी बांधून तिच्या मांडीच्या धमनीत पितळी नळी बसवली, तिला उंच काचेची नळी जोडली. जोड लवचीक हवा म्हणून मध्ये हंसाची श्वासनलिका वापरली. रक्त नळीत ८ फूट ३ इंच चढले. १७३३ साली त्यांनी हे ग्रंथात छापले. आजच्या मापात तो दाब १९०च्या पुढे जातो. म्हणजे इतिहासातले पहिले रीडिंगच एका घाबरलेल्या, बांधलेल्या जिवाचे होते, आणि घाबरलेल्याचा दाब चढतो हे आज सगळे जाणतात.

माणसाला असे तपासणे शक्य नव्हते. १८२८ साली पॅरिसमध्ये प्वाझय यांनी यू आकाराच्या नळीत पारा घातला. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड, त्यामुळे आठ फुटांची नळी हातभर झाली. आजही आपण 'मिलिमीटर पारा' म्हणतो तो तेव्हापासून. हे तेच प्वाझय, ज्यांचा नियम आम्ही डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला घोकला होता (आमचे सर त्यांना 'पॉइझुली' म्हणत). नळीची त्रिज्या निम्मी झाली, तर तेवढाच प्रवाह ठेवायला सोळापट दाब लागतो. हा माणूस डॉक्टर होता आणि त्याला रक्तवाहिन्यांचे कोडे सोडवायचे होते, हे आम्हाला वीस वर्षे नोकरी झाल्यावर कळले!

दंडावर बांधायचा पट्टा आला १८९६ साली. इटलीतील तुरिन येथील रीवा-रोच्ची यांनी सायकलची ट्यूब, शाईची दौत, थोडी तांब्याची नळी आणि पारा अशा बाजारातल्या वस्तूंतून यंत्र जमवले. ट्यूब फुगवायची आणि मनगटाची नाडी कधी बंद होते ते बोटाने पाहायचे. यात फक्त वरचा आकडा मिळे. खालचा आकडा मिळाला १९०५ मध्ये, सेंट पीटर्सबर्गचे लष्करी शल्यवैद्य निकोलाय कोरोत्कोव्ह यांच्यामुळे. जखमी रक्तवाहिन्या कानाने ऐकायची त्यांना सवय होती. पट्ट्याखाली त्यांनी स्टेथोस्कोप ठेवला. हवा सोडताना ठक-ठक सुरू होते तो वरचा आकडा, आवाज थांबतो तो खालचा. हा शोध त्यांनी पानभरही न भरणाऱ्या मजकुरात सांगितला.

आकडा मिळाला, पण त्याचे करायचे काय हे कोणालाच नीट कळत नव्हते. कारण सापडत नाही अशा उच्च रक्तदाबाला 'एसेन्शियल' हे नाव पडले, आणि अनेक डॉक्टरांनी त्याचा शब्दशः अर्थ घेतला: वय झाले, वाहिन्या कडक झाल्या, मग रक्त पुढे ढकलायला जास्त दाब हवाच. तो उतरवला तर मेंदूला, मूत्रपिंडाला रक्त पोचायचे नाही. आम्हाला हे ऐकून आश्चर्य वाटले नाही. नळ गंजले, पंपाचा दाब वाढवा, हा सल्ला आम्हीही फाइलींवर दिला आहे. त्यानंतर कोठला तरी जोड फुटतो, हेही पाहिले आहे.

तो जोड कसा फुटला ते साऱ्या जगाने पाहिले. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा रक्तदाब १९३७ मध्ये १६२/९८ होता. आमच्या चिठ्ठीपेक्षा वरचा आकडा चारने जास्त, खालचा तोच. १९४१ मध्ये तो १८८/१०५ झाला. त्यांचे खासगी डॉक्टर मॅकिन्टायर हे कान-नाक-घशाचे तज्ज्ञ, आणि त्यांच्या मते अध्यक्षांची प्रकृती वयाच्या मानाने ठीक होती. मार्च १९४४ मध्ये ब्रून या तरुण हृदयतज्ज्ञाने प्रथमच नीट तपासले, तेव्हा हृदयही थकलेले आढळले. मीठ कमी, सिगारेटी कमी, विश्रांती, हृदयासाठी डिजिटॅलिस, एवढेच हाती होते. १२ एप्रिल १९४५ रोजी जॉर्जियातील वॉर्म स्प्रिंग्ज येथे डोके प्रचंड दुखते म्हणून ते कोसळले. तेव्हा दाब ३००/१९०. मेंदूत रक्तस्राव होऊन ते ६३व्या वर्षी गेले. जगातला सर्वांत शक्तिमान माणूस, आणि त्याच्यासाठी दाब उतरवणारी धड गोळी नव्हती.

तीन वर्षांनी, १९४८ मध्ये, बॉस्टनजवळच्या फ्रेमिंगहॅम गावात ५,२०९ धडधाकट माणसांची नोंद करून त्यांना वर्षानुवर्षे तपासत राहण्याचे काम सुरू झाले. त्यातून हळूहळू दिसले की वाढलेला दाब कोणत्याच वयात निरुपद्रवी नसतो.

आणि गोळी? तिच्यात आपल्या मुंबईचा मोठा वाटा आहे. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे फार पूर्वीपासून माहीत. १९३१ मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिने दाब उतरतो असे लिहिले, पण बाहेर कोणी लक्ष दिले नाही. मुंबईचे हृदयतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी पन्नास रुग्णांवरचे अनुभव मोजून-मापून १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापले, तेव्हा पश्चिमेचे डोळे उघडले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्या मुळीतून रेसर्पिन वेगळे काढले गेले. डॉ. वकिलांना १९५७ चा लास्कर पुरस्कार मिळाला. रेसर्पिनने काहींना खिन्नता येई, म्हणून पुढे ते मागे पडले. (हे वाचून कोणी मुळी आणून उगाळू नये. तिचे माप घरी ठरवता येत नाही.)

याच रेसर्पिनसह तीन औषधे देऊन अमेरिकेत माजी सैनिकांवर चाचणी झाली. खालचा आकडा ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष होते. निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसत्या दिसायला तशाच गोळ्या. १९६७ मध्ये निकाल आला: बिनऔषधाच्या गटात २७ जणांना गंभीर त्रास, चार मृत्यू, औषधाच्या गटात गंभीर त्रास दोघांना, मृत्यू एकही नाही. पुढे आणखी चाचण्यांतून कमी आकड्यांनाही उपचार करावेत हे ठरत गेले. अण्णांची चिठ्ठी १९९७ ची आहे. त्या निकालाला तेव्हा तीस वर्षे झाली होती.

आमचे पुढे असे झाले. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ मोजले: १५२/९६, १४९/९४, असेच आसपास. दवाखान्यात १४०/९० आणि घरी १३५/८५ ही सर्वसाधारण सीमा मानतात. शिबिरातला आकडा चहाने आणि धावपळीने थोडा फुगला होता, पण खोटा नव्हता. मोजण्याचीही एक रीत आहे. अर्धा तास आधी चहा-सिगारेट नको, लघवीला जाऊन यावे, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे गप्प बसावे. बाही वर करून पट्टा उघड्या दंडावर बांधावा, हात टेबलावर हृदयाच्या पातळीत ठेवावा. हात तेरा सेंटिमीटर खाली लोंबला तर आकडा साधारण १० ने वाढतो. हे मात्र निव्वळ आमच्या खात्याचे गणित आहे. एक-दोन मिनिटांनी पुन्हा मोजून दोन्ही लिहून ठेवावे.

डॉक्टरांनी रक्त, लघवी, ईसीजी पाहिला आणि एक गोळी सुरू केली. मिठाचे बोलणे झाले. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर, तेही साऱ्या दिवसाचे सगळे मिळून. इंदुरात राहून, पोह्यांवर शेव न घालता? महिनाभर घरात यावरून कुरबुर झाली. आता शेव रविवारी. लोणचे, पापड आणि नमकीनचे डबे वरच्या फळीवर गेले आहेत. रोज चाळीस मिनिटे चालणे होते.

तीन महिन्यांनी १२८/८२ आले, तेव्हा गोळी बंद करावी असे आमच्याही मनात आले. डॉक्टर नको म्हणाले. आम्हाला लगेच पटले. व्हॉल्व्ह आवळला म्हणून गेज उतरला. व्हॉल्व्ह सोडला की काटा पुन्हा चढणारच. आकडा १८०/१२० पर्यंत गेला आणि सोबत छातीत दुखणे, दम, बोलण्यात अडखळणे, हात-पाय बधिर होणे यांतले काही असले, तर मात्र घरी पुन्हा मोजत बसू नये, थेट रुग्णालय गाठावे.

यंदाही शिबिर आहे. डॉक्टरीणबाईंना आम्ही विनंती केली आणि त्यांनी मानली: टेबलाआधी पाच खुर्च्या भिंतीला लावून ठेवणार, पाच मिनिटे बसल्याशिवाय कोणाचा पट्टा बांधायचा नाही. खुर्च्या आम्हीच लावू. येताना घरातली जुनी चिठ्ठी आणि चालू गोळ्यांची पाकिटे सोबत आणावीत.