वजन नेमके कुठे आहे? पॅडेल रॅकेटच्या अभ्यासाची प्रस्तावना

पॅडेलच्या नियमांनी रॅकेटभोवती चौकट बरीच घट्ट आखली आहे. लांबी ४५.५ सेंटिमीटर, रुंदी २६ सेंटिमीटर आणि जाडी ३८ मिलिमीटर यांपलीकडे जायचे नाही. गटिंग नाही, सलग पृष्ठभाग आणि त्याला भोके. मनगटात दोरी अडकवल्याशिवाय खेळता येत नाही. मग एका रॅकेटीत आणि दुसरीत फरक उरतो कशाचा? मुख्यतः दोन गोष्टींचा: वजन कुठे ठेवले आहे आणि पोटात काय भरले आहे. या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकाचे स्वागत करताना हे दोनच प्रश्न त्याच्या हाती द्यावेसे वाटतात.

खेळ तसा तरुण आहे. एन्रिके कोर्कुएरा यांनी १९६९ मध्ये मेक्सिकोतील अकापुल्कोला आपल्या घरच्या आवारात भिंतींनी वेढलेले कोर्ट बांधले. अल्फोन्सो दे होहेनलोहे यांनी १९७४ मध्ये हा खेळ स्पेनमधल्या मार्बेय्याला नेला. तेव्हाच्या रॅकेटी लाकडी होत्या. फोम, रबर, काचतंतू आणि कार्बन नंतर आले आणि निवडीचा घोळही त्यांच्याबरोबरच आला.

दुकानात ऐकू येणारे सूत्र सोपे आहे: गोल रॅकेट नियंत्रणासाठी, हिऱ्याच्या आकाराची ताकदीसाठी, थेंबाच्या आकाराची मधली. ते अर्धेच खरे आहे. आकार डोळ्यांना दिसतो, हाताला जाणवतो तो समतोलबिंदू. हिऱ्याच्या आकारात रुंद भाग वर असल्याने वजन सहसा टोकाकडे जाते आणि स्वीट स्पॉटही वर सरकून लहान होतो, एवढाच आकाराचा संबंध. क्रिकेटची बॅट एकदा हँडलकडून आणि एकदा पात्याकडून धरून फिरवून पाहा. वजन तेच, पण मनगटाला दोन वेगळ्या वस्तू वाटतील. भौतिकशास्त्र याला जडत्व आघूर्ण म्हणते. ३६५ ग्रॅम हा छापील आकडा त्याबद्दल काहीच सांगत नाही.

पोटातल्या रबराची गोष्ट अधिक रंजक आहे, कारण ती अंदाजाच्या उलट जाते. मऊ गाभा हळू फटक्याला मदत करतो. मागच्या काचेवरून परतलेला चेंडू लोब करताना हात पुरता फिरत नाही. तिथे रबर दबते, उसळते आणि चेंडू आपोआप खोल जातो. पूर्ण ताकदीच्या स्मॅशला मात्र तेच रबर इतके दबते की बरीचशी ऊर्जा आतच जिरते. कडक गाभ्याचे वागणे याच्या नेमके उलट. म्हणजे ‘पॉवर’ म्हणून विकली जाणारी रॅकेट ज्याच्या खांद्यात आधीच ताकद आहे त्यालाच ती देते, बाकीच्यांच्या कोपराला दुखणे. शिवाय रबर उन्हात मऊ पडते आणि थंडीत कडक होते, म्हणून माद्रिदच्या जानेवारीत केलेले परीक्षण मुंबईच्या मे महिन्यात जसेच्या तसे लागू पडत नाही. कार्बनवरच्या ३के, १२के, १८के या आकड्यांनीही दबून जाऊ नये. तंतूंच्या एका पट्टीत किती हजार धागे आहेत एवढेच ते सांगतात, गुणवत्तेची श्रेणी नव्हे.

आता खेळण्याची शैली. बहुतेकजण ती आपल्या सर्वांत देखण्या फटक्यावरून ठरवतात. माझ्या मते ती अडचणीतल्या फटक्यावरून ठरवावी. दोघेही उजव्या हाताने खेळत असतील, तर डाव्या बाजूच्या खेळाडूला मधल्या उंच चेंडूवर फोरहँड मिळतो, आक्रमण त्याच्याकडे जाते. उजवीकडचा लोब, ब्लॉक आणि बांदेखा (डोक्यावरून कापून मारलेला संयत फटका) यांवर डाव रचतो. उजवीकडच्याने टोकाकडे जड रॅकेट घेतली की तिसऱ्या सेटला नेटजवळ ती उशिरा पोहोचते. अर्जेंटिनाचा फेर्नांदो बेलास्तेगिन तर डावीकडे खेळूनही सलग १६ वर्षे अव्वल राहिला, आणि तोही केवळ स्मॅशच्या जोरावर नव्हे.

नवी रॅकेट घेण्याआधी करून पाहण्यासारखा एक प्रयोग स्वस्त आहे. हँडलवर ओव्हरग्रिपचा जादा थर चढवला की पाचएक ग्रॅम वाढतात आणि समतोलबिंदू दोनतीन मिलिमीटर हाताकडे सरकतो. पहिले प्रकरण या मोजमापापासूनच सुरू होते. त्यासाठी एक फूटपट्टी आणि टेबलाची कड पुरेशी आहे.