'हितसंबंधित व्यक्ती' : हिपॅटायटिस सी आणि एक पेटंटवाद

शिरेवाटे मादक द्रव्ये टोचून घेणाऱ्या मनुष्यास हिपॅटायटिस सी या यकृतरोगावरील उपचार मागण्याचा अधिकार आहे काय, हा प्रश्न वरवर पाहता वैद्यकाचा वाटतो. भारतात मात्र त्याचा एक महत्त्वाचा भाग कायद्यातील दोन शब्दांच्या अर्थनिर्णयाने सुटला. तो निर्णय मागणारी संस्था मुंबईची होती.

या रोगाचा विषाणू १९८९ साली ओळखला गेला. एकाने वापरलेली सुई दुसऱ्याने वापरली असता तो रक्तावाटे पसरतो व वर्षानुवर्षे लक्षणे न दाखविता यकृताची हानी करतो. आरंभीचा उपचार इंटरफेरॉन टोचण्याचा होता. तो सहा महिने ते वर्षभर चाले आणि ताप, नैराश्य असे त्रास मागे लावी. १९९७ साली अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञपरिषदेने असे सुचविले की, व्यसन सुटून निदान सहा महिने लोटेपर्यंत उपचार लांबणीवर टाकावा. २००२ च्या परिषदेने हा दंडक सैल केला. तोवर ज्या समूहात रोगाचा प्रादुर्भाव मोठा, तोच समूह रुग्ण म्हणून गणला जात नव्हता.

भारतात औषधांवरील उत्पादन-पेटंटे २००५ पासून पुन्हा सुरू झाली. २००६ साली हॉफमन-ला रॉश या कंपनीस 'पेगासिस' या सुधारित इंटरफेरॉनचे पेटंट मिळाले. संपूर्ण उपचाराचा खर्च काही लाख रुपयांच्या घरात होता. व्यसनी व्यक्तींमध्ये काम करणाऱ्या 'संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्ट'ने २००७ साली या पेटंटास विरोध केला. प्रथिनास पॉलिएथिलीन ग्लायकॉल जोडण्याची युक्ती आधीच ज्ञात होती, असा तिचा युक्तिवाद होता. २००९ साली पेटंट कार्यालयाने तो फेटाळला व प्रकरण बौद्धिक संपदा अपील मंडळापुढे गेले.

तेथे मूळ प्रश्नाआधी दुसराच प्रश्न उभा राहिला. अशा विरोधाचा हक्क कायद्याने केवळ 'हितसंबंधित व्यक्ती'स दिला आहे. जी संस्था औषध बनवीत नाही, तिचा हितसंबंध कोणता? कायद्यातील व्याख्या त्याच क्षेत्रात संशोधन करणाऱ्याचा उल्लेख करते. परंतु तिचे क्रियापद 'म्हणजे' या अर्थाचे नसून 'यात समाविष्ट होते' या अर्थाचे आहे. पहिले क्रियापद सीमा आखते, दुसरे दार उघडे ठेवते. २ नोव्हेंबर २०१२ रोजी मंडळाने रुग्णांसाठी झटणाऱ्या संस्थेचा हितसंबंध मान्य केला आणि ते पेटंट रद्द ठरविले.

या निकालाचे व्यावहारिक फळ अल्पायुषी ठरले, हे मान्य केले पाहिजे. २०१३ च्या अखेरीस अमेरिकेत सोफोसब्युव्हिर या गोळीस मान्यता मिळाली, २०१४ साली भारतीय कंपन्यांना ती बनविण्याचे परवाने मिळाले आणि इंटरफेरॉन मागे पडले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने द्रव्ये टोचून घेणाऱ्यांसह सर्व रुग्णांचा उपचारासाठी विचार व्हावा, असे सांगितले. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी व औषधे विनामूल्य देण्याची तरतूद झाली.

तथापि औषध बदलले तरी अर्थनिर्णयाचे मोल उरतेच. बऱ्या झालेल्या मनुष्यास हा रोग पुन्हा जडू शकतो. म्हणून गोळ्यांबरोबर स्वच्छ सुया व व्यसनावरील पर्यायी औषधही त्याच्यापर्यंत पोचावे लागते. महानगराबाहेर, मुंबई–अहमदाबाद महामार्गावरील चिंचोटीसारख्या ठिकाणच्या रुग्णास ते मिळते की नाही, यावरच 'हितसंबंधित' या शब्दाचा अर्थ पुढे कसाला लागणार आहे.