तांडा, रेल्वे कॉलनी आणि चाकणचा ड्रायव्हर

आपल्या पट्ट्यात सध्या दोन तक्रारी एकाच वेळी ऐकू येतात. ट्रान्सपोर्टवाले म्हणतात, ड्रायव्हर मिळत नाही, गाड्या उभ्या आहेत. आणि पंचविशीतली पोरं म्हणतात, हेवी लायसन्स काढू, पण लाइनवर गेलं की लग्न जमत नाही, आणि झालेलं असेल तर बायको-पोरांचं तोंड दिसत नाही. दोन्ही खरं आहे. यावर जुन्या मंडळींचं उत्तर ठरलेलं: "हा धंदाच तसा, पहिल्यापासून."

पहिल्यापासून तो तसा नव्हता. आज त्याबद्दलच लिहितोय, थोडं लांबेल.

ट्रक आणि रेल्वेच्या आधी या मुलुखात लांबचा माल कोण न्यायचं? बंजारे. किनाऱ्यावरचं मीठ देशावर, देशावरचं धान्य खाली, आणि लढाई असेल तर सैन्याला रसद. मोगल, मराठे, इंग्रज, सगळ्यांच्या फौजा त्यांच्या बैलांवर जगल्या. हजारो बैलांचा तांडा चालायचा आणि त्या तांड्यात बायका, पोरं, म्हातारे, कुत्री, सगळा संसार असायचा. मुक्काम पडला तिथे चूल पेटायची. त्या जगण्यात हाल कमी नव्हते, उगाच गोड करून सांगत नाही. पण "घर की रस्ता" असा प्रश्नच त्यांच्यापुढे नव्हता, कारण घरच रस्त्यावर होतं.

1830 मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला, 1863 मध्ये त्याच घाटातून रेल्वे चढली, आणि तांड्यांचा धंदा बसत गेला. पण रेल्वेनेही एक हिशोब केला होता. मुंबईहून निघालेली गाडी शेवटपर्यंत एकच ड्रायव्हर नेत नाही. रस्त्याचे तुकडे पाडले, तुकड्याच्या टोकाला ड्रायव्हर-गार्ड बदलायचे, आणि अशा ठिकाणी कर्मचाऱ्यांना राहायला क्वार्टर. लोणावळा, दौंड इथल्या रेल्वे कॉलन्या बघा. रनिंग स्टाफची नोकरी सोपी नाही, रात्री-अपरात्री ड्युटी लागते. तरी माणूस आपला तुकडा चालवून पुन्हा आपल्या कॉलनीत येतो. माल लांब जातो, माणूस जात नाही. डाकेच्या चौक्या याच तत्त्वावर चालत, म्हणजे ही युक्ती रेल्वेहूनही जुनी.

मग आला ट्रक. ना संसार बरोबर, ना तुकडे. एक माणूस, एक क्लीनर, आणि माल जाईल तिथपर्यंत जायचं.

गंमत अशी की हे सगळं आपल्याच डोळ्यांसमोर बांधलं गेलं. 1962 मध्ये एमआयडीसी आली, 1966 मध्ये टेल्कोने पिंपरीत पाय रोवला, 1977 मध्ये पुण्याच्या कारखान्यातून पहिलं व्यावसायिक वाहन बाहेर पडलं. कारखान्याच्या आत कामगाराला पाळी होती, भोंगा होता, युनियन होती, साप्ताहिक सुट्टी होती. पहिल्या पाळीचा माणूस संध्याकाळी पोरांचा अभ्यास घ्यायला घरी. गेटच्या बाहेर मात्र दुसराच कायदा.

चाळिशी-पन्नाशीच्या पुढच्या लोकांना उघड्या चासी आठवत असतील. केबिन नाही, बॉडी नाही, नुसता सांगाडा, इंजिन आणि स्टिअरिंग. लाकडी खोक्यावर बसलेला ड्रायव्हर, डोळ्याला गॉगल, तोंडाला फडकं. अशा चासी जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरून देशभरच्या डीलरकडे जायच्या, ऊन, पाऊस, थंडी अंगावर घेत. चासी पोचवली की परत यायचं एसटीने, रेल्वेने नाहीतर दुसऱ्या ट्रकला हात करून. घरी खबर म्हणजे पोस्टकार्ड किंवा फार तर ट्रंक कॉल. गेटच्या आत नट आवळणारा आणि गेटच्या बाहेर तीच गाडी पोचवणारा एकाच आळीत राहत असतील, पण दोघांच्या पोरांना मिळालेला बाप वेगळा.

कायदा नव्हता असं नाही. मोटार परिवहन कामगार अधिनियम 1961 चा. दिवसाला 8 तास, आठवड्याला 48. लांब पल्ल्याला जास्तीत जास्त 10 आणि 54. आठवड्यातून एक दिवस विश्रांती. वाचून बरं वाटतं. पण तो लागू कुठे? पाच किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेला. आपल्याकडे एक-दोन गाड्यांचे मालकच जास्त. शिवाय पगार महिन्यापेक्षा ट्रिपवर. ट्रिपवर पैसे म्हटल्यावर घरी थांबलेला प्रत्येक दिवस बुडीत खाती. आता तो कायदा 2020 च्या कामगार संहितेत सामावला गेलाय, पण ट्रिपचा हिशोब तोच आहे.

आणि माझ्या मते संसाराचे दिवस खातं ते अंतर नाही, थांबणं. पूर्वी जकात नाक्यावर रांग, राज्याच्या सीमेवर रांग, टोलवर रांग. 2013 मध्ये आपल्या महापालिकेची जकात गेली, 2017 मध्ये जीएसटी आल्यावर सीमेवरचे करनाके उठले, 2021 पासून फास्टॅग सक्तीचा झाला. इतके तास वाचले, ते ड्रायव्हरच्या घरी पोचले का? नाही पोचले. जादा फेरीत गेले, नाहीतर कंपनीच्या गेटवर गेले. चाकणला येऊन बघा. तळेगाव चौकातली कोंडी, अवजड वाहनांना बंदीच्या वेळा, त्यात माल उतरवायला नंबर लागेपर्यंत रस्त्याच्या कडेला उभं राहणं. कारखान्याला सुटा भाग मिनिटाच्या हिशोबाने हवा असतो, म्हणून गोदामाचं काम ट्रकच करतो, आणि त्या चालत्या गोदामाचा रखवालदार म्हणजे ड्रायव्हर. हॉल्टिंगचे पैसे ठरलेले असले तरी मालकाला मिळतात, ड्रायव्हरपर्यंत पोचतीलच असं नाही. भोसरीत घर आणि चाकणच्या रांगेत रात्र, हे मी वाढवून सांगत नाहीये.

घरी राहणाऱ्या बाईचं काम तर कुठल्याच हिशोबात नाही. गाडीचा हप्ता, शाळेची मीटिंग, सासूचं आजारपण, सगळं एकटीवर. आता व्हिडिओ कॉल आहे हे खरं, पण त्याच मोबाइलवर "कुठे पोचला?" म्हणून मालकाचाही फोन येतो.

नंदुरबारच्या योगिता रघुवंशी यांचं नाव अनेकांनी ऐकलं असेल. लग्नानंतर भोपाळला, वकिलीचं शिक्षण, 2003 मध्ये पती गेले, पदरी दोन लहान मुलं. नवऱ्याचा ट्रान्सपोर्टचा धंदा होता, तो सांभाळता सांभाळता त्या स्वतःच स्टिअरिंगवर बसल्या आणि त्यावर मुलं वाढवली. आपण कौतुक करतो, करायलाच हवं. पण बाई ट्रकवर गेली की "मुलांकडे कोण बघतं?" हा प्रश्न पहिला येतो, आणि पुरुष ड्रायव्हरला तो कधी कोणी विचारतच नाही. विचारला असता तर धंद्याची मांडणी कदाचित वेगळी झाली असती.

वेगळी होऊ शकते याचा पुरावाही आहे. रिविगो नावाच्या कंपनीने गेल्या दशकात ट्रकसाठी रिले पद्धत चालवून दाखवली. ड्रायव्हर काही तास चालवणार, ठरलेल्या ठिकाणी गाडी दुसऱ्याच्या हाती देणार, आणि उलट दिशेची गाडी घेऊन घरी. रेल्वेचीच युक्ती. तिचा एक्स्प्रेस मालवाहतुकीचा धंदा 2022 मध्ये महिंद्रा लॉजिस्टिक्सने घेतला. ही पद्धत सगळीकडे पसरली नाही, कारण तिला खूप गाड्या, दोन्हीकडचं नियमित भाडं आणि पगारी ड्रायव्हर लागतात. एका गाडीच्या मालकाला ते जमणारं नाही, हे कबूल. पण चाकणच्या मोठ्या कंपन्यांचा माल रोज त्याच रस्त्याने जातो, त्यांना का जमू नये?

सरकारने काही केलं नाही असंही नाही. 2025 पासून नव्या ट्रकला एसी केबिन सक्तीची. तेल कंपन्यांनी महामार्गावरच्या पंपांवर विश्रांतीची सोय केली, नाव ठेवलं "अपना घर". चांगलं आहे, झोप तरी नीट होईल. पण सोय सगळी घराबाहेर राहण्याची.

तेव्हा जे लायसन्स काढतायत त्यांना एवढंच सांगेन की "ट्रक ड्रायव्हर" ही एक नोकरी नाही. चाकणमधल्या चाकणमध्ये सुटे भाग फिरवणारी गाडी रोज घरी येते. न्हावाशेव्याचा कंटेनर, बंदरात अडकला नाही तर, एक-दोन दिवसांत परत. कार कॅरिअर घेऊन उत्तरेला गेलात तर परतीचं भाडं मिळेपर्यंत तारीख सांगता येत नाही. पैसे लांबच्या लाइनला जास्त दिसतात, म्हणून भत्ता विचारताना हेही विचारा: महिन्यात घरी किती दिवस, हॉल्टिंग कोणाला, आणि गेटवर गाडी अडली तर त्या दिवसाचे पैसे काय. जमलं तर लिहून घ्या. घरच्या बाईला त्या बोलण्यात बसवा, कारण करारातला अर्धा भाग तीच पाळणार आहे.

आणि पट्ट्यातल्या कंपन्यांकडे, एमआयडीसीकडे मागायचं तर आधी मागा ते गेटच्या आत ट्रकसाठी जागा आणि माल उतरवायची ठरलेली वेळ. त्याला नवा कायदा लागत नाही.