काळ्या मातीची विद्यापरंपरा : नागपूर, इंदूर, भोपाळ

भोपाळ शहराच्या उत्तरेस, बेरसिया रस्त्यावर, नबीबाग येथे दोन केंद्रीय संस्था शेजारी शेजारी उभ्या आहेत. एक १९७६ साली स्थापन झालेली केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्था आणि दुसरी १९८८ सालची भारतीय मृदा विज्ञान संस्था. भोपाळ म्हटले की बेगमांची राजवट, तलाव, ताजुल मशीद आणि १९८४ ची वायुदुर्घटना इतकेच बाहेरच्या माणसास आठवते. येथील जुन्या रहिवाशांपैकीही फार थोड्यांना ठाऊक असते, की देशाच्या निरनिराळ्या कोपऱ्यांत वर्षानुवर्षे चालू असलेल्या खतांच्या प्रयोगांचे धागे या नबीबागेत येऊन मिळतात. अकोल्याच्या वावरातील मातीचा आणि जबलपूरच्या शेतातील मातीचा हिशोब एकाच पद्धतीने मांडला जातो, तो येथे. ही व्यवस्था एकाएकी उभी राहिली नाही. तिची मुळे शोधू गेल्यास ती नागपूर आणि इंदूर या दोन शहरांत सापडतात, आणि या दोन्ही शहरांशी मराठी माणसाचा संबंध किती निकटचा आहे हे सांगण्याची आवश्यकता नाही.

माळव्याच्या पठारापासून वऱ्हाडापर्यंत एकच काळी माती पसरलेली आहे. मध्ये नर्मदा, सातपुडा आणि तापी आडव्या आल्या, भाषा बदलली, राज्यकर्ते बदलले. परंतु माती तीच राहिली आणि तिला वठणीवर आणणारे अवजारही एकच राहिले. वऱ्हाडातील शेतकरी त्याला वखर म्हणतो, माळव्यातील शेतकरी बखर. पावसात चिकटणारी, उन्हाळ्यात हातभर भेगा पडणारी ही जमीन नांगरण्यापेक्षा वखरणे केव्हा चांगले, पेरणीला वाफसा केव्हा येतो, हे ज्ञान कोणत्याही ग्रंथात नव्हते. ते बापाकडून मुलाकडे आणि एका गावच्या बाजारातून दुसऱ्या गावच्या बाजारात जात असे. बियाणे मात्र पुष्कळदा सावकाराच्या कोठारातून येई, आणि तेथे वाणाच्या शुद्धतेची चौकशी करण्याची सोय नसे.

या मौखिक विद्येला सरकारी चौकट प्रथम मिळाली ती मध्य प्रांतात. होशंगाबादजवळील पवारखेडा येथे १९०३ साली प्रयोगक्षेत्र सुरू झाले. नर्मदेच्या खोऱ्यातील गहू हा तेथील मुख्य विषय होता. नागपूरचे कृषी महाविद्यालय १९०६ सालचे. या प्रांतात क्लाउस्टन यांनी निवडलेला ‘रोझियम’ कापूस वऱ्हाडात घरोघर पोहोचला. धागा आखूड, परंतु रुईचा उतारा भरपूर आणि मर रोगास दाद न देणारा. गिरणीवाल्यांना लांब धागा हवा होता, शेतकऱ्याला पदरात पडणारे पैसे. शेतकऱ्याने आपला हिशोब बरोबर केला, असेच म्हटले पाहिजे. कृषी खात्यांच्या जुन्या इतिहासात अशा प्रसंगांना ‘शेतकऱ्याचा दुराग्रह’ असे नाव देण्याची प्रथा होती.

इंदूरचे प्रकरण मात्र निराळ्याच जातीचे आहे आणि त्याची हकीकत सविस्तर सांगण्याजोगी आहे.

अल्बर्ट हॉवर्ड हे १९०५ साली बिहारातील पुसा येथील संशोधन संस्थेत आले. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल याही वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या आणि गव्हाच्या वाणांवरील बरेचसे काम दोघांनी मिळून केले. पुसा येथे हॉवर्डांना एक गोष्ट सतत खटकत असे. पीक एक, परंतु त्याचे बुरशीशास्त्र एका खोलीत, कीटकशास्त्र दुसऱ्या खोलीत, रसायन तिसऱ्या खोलीत. शेतात जे एकत्र असते त्याचे कार्यालयात तुकडे होतात आणि ते तुकडे पुन्हा जुळवण्याची जबाबदारी कोणाचीच नसते, असा त्यांचा आक्षेप होता. हा आक्षेप वरिष्ठांस रुचण्यासारखा नव्हता. तेव्हा त्यांनी आपल्या मनाजोगती संस्था उभारण्याचा मार्ग शोधला. हिंदी मध्यवर्ती कापूस समिती १९२१ साली स्थापन झाली होती आणि कापसावरील करातून तिला निधी मिळू लागला होता. या समितीचे अनुदान, मध्य हिंदुस्थान व राजपुतान्यातील संस्थानांच्या वर्गण्या आणि होळकर दरबाराने दिलेली सुमारे ३०० एकर जमीन, एवढ्या सामग्रीवर १९२४ साली इंदुरास ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ सुरू झाली.

या रचनेतील वैशिष्ट्य ध्यानात घेण्याजोगे आहे. संस्था एका संस्थानची नव्हती आणि ब्रिटिश सरकारचीही नव्हती. वर्गणी भरणारे दरबार तिचे भागीदार होते. त्यांच्या मुलखातील शेतीस सल्ला देणे आणि त्यांची माणसे शिकवून परत पाठवणे हे तिचे काम होते. संशोधन, शिक्षण आणि प्रसार ही तीन कामे पुढे स्वतंत्र भारतात कृषी विद्यापीठांकडे एकत्र सोपवण्यात आली. त्याचा एक लहानसा नमुना इंदुरास चार दशके आधी चालू होता.

कापसासाठी काढलेल्या या संस्थेचे नाव जगभर झाले ते मात्र खताच्या खड्ड्यामुळे. हॉवर्डांच्या ध्यानात आले, की माळव्याच्या जमिनीत कापूस हटतो तो निव्वळ वाणाच्या दोषाने नव्हे; पावसाळ्यात काळी माती घट्ट बसते, मुळांना हवा मिळत नाही आणि मातीत सेंद्रिय अंश अपुरा पडतो. खत घालावे तर शेण कुठे आहे? निम्मेअधिक शेण गोवऱ्या होऊन चुलीत जाते. उरलेले उकिरड्यावर उन्हापावसात पडते आणि त्यातील सत्त्व निघून जाते. यावर तोडगा असा काढला, की शेणाचा उपयोग खत म्हणून नव्हे तर विरजण म्हणून करायचा. कापसाच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुराट्या रस्त्यांवर अंथरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडून घ्यायच्या. पालापाचोळा, तण, कडबा यांत त्या मिसळायच्या. गोठ्यातील गोमूत्राने भिजलेली माती, लाकडाची राख आणि शेणकाला घालायचा. खड्डा ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि अवघा २ फूट खोल, म्हणजे हवा तळापर्यंत पोहोचावी. ओलावा राखायचा, तीनदा उलथापालथ करायची, आणि सुमारे ९० दिवसांत काळे, भुसभुशीत, दुर्गंधी नसलेले खत तयार. यात नवे काय, असे एखाद्या जुन्या शेतकऱ्याने विचारले असते तर ते अगदीच गैर नव्हते. चीनमधील शेतकरी अशाच रीतीने खत करीत आणि हॉवर्डांनी ते ऋण मोकळेपणाने मान्य केले होते. नवीन होते ते प्रमाण, क्रम आणि मोजमाप.

हे मोजमाप करणारे कोण, याचा उल्लेख फारसा होत नाही. १९३१ साली लंडनच्या ऑक्सफर्ड विद्यापीठ मुद्रणालयाने इंदूर पद्धतीवरील मूळ ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या शीर्षकपृष्ठावर दोन नावे आहेत : अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. वाड हे संस्थेच्या रसायन विभागातील प्रमुख सहायक होते. खड्ड्यातील उष्णता, ओलावा, नत्राचा हिशोब, म्हणजे ज्या आकड्यांमुळे एक घरगुती रीत शास्त्र म्हणून जगापुढे मांडता आली ते आकडे प्रयोगशाळेतले होते. हॉवर्ड त्याच वर्षी निवृत्त होऊन मायदेशी गेले. वाडांचे काम इंदुरासच चालू राहिले. पुढे संस्थेतील जॅक्सन यांच्यासह त्यांनी १९३४ साली शहरातील मैला व कचरा याच पद्धतीने निर्जंतुक करून शेतीस वापरण्याविषयीचे विवेचन प्रसिद्ध केले. हॉवर्डांना ‘सर’ हा किताब मिळाला, १९४० साली त्यांचा गाजलेला ग्रंथ आला, अमेरिकेत रोडेल यांनी १९४२ पासून आणि इंग्लंडात लेडी ईव्ह बॅल्फोर यांनी १९४३ च्या ग्रंथातून तो विचार पुढे नेला. सेंद्रिय शेतीच्या आजच्या जागतिक चळवळीचा उगम सांगताना इंदूर हे गावाचे नाव येते, हॉवर्डांचे येते; वाडांचे नाव मात्र बहुधा गळते. हॉवर्डांनी स्वतः त्यांना सहलेखक केले होते. गळती नंतरच्यांची आहे.

एप्रिल १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी महात्मा गांधी इंदुरास आले असता त्यांनी ही संस्था पाहिली, आणि त्या वर्षी ‘हरिजन’मधून कंपोस्ट खताची कृती वाचकांपर्यंत पोहोचवली. त्याआधी काही महिने ग्रामोद्योग संघाची स्थापना होऊन वर्ध्यास मगनवाडीत काम सुरू झाले होते. अशा रीतीने माळव्यातील खड्डा विदर्भाच्या उंबरठ्यावर आला. हॉवर्डांनी या पद्धतीचे एकस्व घेतले नव्हते, त्यामुळे ती कोणालाही उचलता येत होती. तथापि लहान शेतकऱ्याने ती सरसकट उचलली, असे म्हणणे सत्यास धरून होणार नाही. उन्हाळ्यात पाणी ओढून खड्डे भिजवणे आणि तीन वेळा उलथणे हे मनुष्यबळाचे काम होते. म्हणूनच १९३९ साली आचार्य यांनी उलथापालथ न करावी लागणारी बंगलोर पद्धत पुढे आणली.

स्वातंत्र्यानंतर संस्थानेच उरली नाहीत, तेव्हा त्यांच्या वर्गणीवरील संस्थेचे पूर्वीचे स्वरूपही उरणे शक्य नव्हते. तिच्या जमिनीवर १९५९ पासून कृषी महाविद्यालय भरू लागले. दरम्यान १९५२ साली तत्कालीन भोपाळ राज्यात सीहोर येथे कृषी महाविद्यालय निघाले होते. (भोपाळ त्या काळी सीहोर जिल्ह्यातील एक तहसील होते, स्वतंत्र भोपाळ जिल्हा झाला तो १९७२ साली.)

१ नोव्हेंबर १९५६ हा दिवस या इतिहासात जितका निर्णायक तितकाच दुर्लक्षित आहे. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, महाकोशल, मध्य भारत, विंध्य प्रदेश आणि भोपाळ मिळून नवा मध्य प्रदेश झाला आणि राजधानी नागपूरहून भोपाळास आली. सचिवालयाबरोबर नागपूरकडची कितीतरी मराठी कुटुंबे येथे आली. कृषी खात्याच्या दृष्टीने पाहता पन्नास वर्षे एक असलेले जाळे मधोमध कापले गेले. नागपूरचे महाविद्यालय तिकडे राहिले, पवारखेड्याचे क्षेत्र इकडे. एकाच काळ्या मातीवरील नोंदी दोन राज्यांच्या दप्तरांत विभागल्या गेल्या. पुढे जबलपूरचे कृषी विद्यापीठ १९६४ साली झाले आणि अकोल्याचे १९६९ साली. ही दोन्ही विद्यापीठे त्या एका जुन्या घराच्या दोन वाटण्या आहेत.

तुटलेले धागे पुन्हा जोडले गेले ते भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या अखिल भारतीय समन्वित प्रकल्पांमुळे. १९५७ साली मक्यापासून सुरू झालेली ही पद्धत साधी आहे : एकच प्रयोग, एकाच आराखड्याने, अनेक राज्यांतील केंद्रांवर करायचा आणि वर्षाअखेरीस सर्वांनी एकत्र बसून निष्कर्ष तपासायचे. १९७० मध्ये आरंभलेले दीर्घकालीन खत-प्रयोग याच मालिकेतले. त्याच त्या वाफ्यांत, तेच ते खत, दरवर्षी. कंटाळवाणे काम खरे. परंतु केवळ रासायनिक नत्र घालीत राहिल्यास जमिनीचे काय होते आणि जोडीला शेणखत दिल्यास काय होते, हे दशके लोटल्यावाचून कळत नाही. जबलपूर, अकोला, परभणी येथील केंद्रांच्या या नोंदी भोपाळच्या मृदा संस्थेकडे येतात. शेणखत जोडीला असलेल्या वाफ्यांतील जमीन अधिक काळ टिकून राहते, हे त्यांतून दिसले आहे. इंदूरच्या खड्ड्याने विचारलेला प्रश्न नबीबागेत अजून चालू आहे.

ज्ञानाचे हे जाळे सामान्य शेतकऱ्यापर्यंत खऱ्या अर्थाने पोहोचले ते सोयाबीनच्या रूपाने. माळव्यात आणि भोपाळ-विदिशा भागात रब्बी गव्हासाठी ओल राखावी म्हणून पावसाळ्यात जमीन पडीक ठेवण्याची रीत होती. १९६० च्या दशकात जबलपूर विद्यापीठाने अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या सहकार्याने सोयाबीनवर काम आरंभले आणि त्या रिकाम्या खरिपात हे पीक बसले. १९८७ साली सोयाबीनचे राष्ट्रीय संशोधन केंद्र इंदुरास आले. ‘जे.एस. ३३५’ हा वाण १९९४ साली प्रसृत झाला आणि राज्याची सीमा ओलांडून विदर्भ-मराठवाड्यात असा पसरला, की १९५६ ची वाटणी जणू झालीच नव्हती. जून २००० मध्ये आयटीसी कंपनीने मध्य प्रदेशातील सोयाबीन उत्पादकांसाठी गावोगाव संगणक बसवून ‘ई-चौपाल’ सुरू केली. मंडीतील भाव शेतकऱ्यास घरबसल्या कळू लागले. भाव सांगणारा आणि माल घेणारा एकच, ही त्यातील मेख शेतकऱ्यांच्या ध्यानात आली नसेल असे मानण्याचे कारण नाही. परंतु मंडीतील जुना अनुभवही काही फार गोड नव्हता. या यशाची किंमतही नोंदवली पाहिजे. खरिपातील ज्वारी मागे हटली, आणि वर्षानुवर्षे एकाच वाणावर विसंबल्याने रोग आला की तो मैलोन्‌मैल शिवारभर येऊ लागला.

इंदूरची ती जुनी जमीन आज शहराच्या ऐन मध्यात सापडली आहे. २००८ पासून तेथील महाविद्यालय ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विद्यापीठाकडे आहे. २०२२ साली या जमिनीचा काही भाग शहराच्या योजनेसाठी घेण्याचा विचार पुढे आला, तेव्हा विद्यार्थी आणि माजी विद्यार्थी आंदोलनास बसले. संशोधनाची शेते दुसरीकडे हलवता येतात, असे एक मत होते. इमारती हलवता येतात, बियाणे हलवता येते. परंतु ज्या वाफ्यांची नोंद वर्षानुवर्षे ठेवलेली असते त्यातील माती गाडीत भरून नेली तर ती नोंद तेथेच संपते, हे मातीवर काम करणाऱ्यांचे त्यावरील उत्तर होते.