पडलेल्या दाताचे काम

दातांच्या इम्प्लांटचा इतिहास माया संस्कृतीपासून सुरू करायचा, असा आता शिरस्ताच पडला आहे. होंडुरासमध्ये 1931 साली सापडलेल्या, इसवी सन 600 च्या आसपासच्या एका जबड्यात शिंपल्याचे तीन दात बसवलेले होते. तिथून निघायचे, आपल्याकडे वाटेत सुश्रुताला नमस्कार करायचा आणि थेट स्वीडनला पोचायचे. खारघर-कामोठ्यापासून जुन्या पनवेलपर्यंत आज दाताच्या दवाखान्यांच्या पाट्या दिसतात. त्यांच्यामागे अशी अखंड परंपरा उभी आहे असे मानणे सुखावह असले, तरी पुरावा तसे सांगत नाही. पनवेलसारख्या गावात पडलेला दात परत बसवण्याची परंपरा शोधायला गेले तर जवळजवळ काहीच हाती लागत नाही. त्या दाताचे काम कोण करीत होते, असे विचारले तर मात्र भरपूर सापडते. माझ्या मते या विषयाचा खरा इतिहास तिथे आहे: चावण्याचा भार आधी स्वयंपाकघराने उचलला, मग हिरडीवर टेकलेल्या कवळीने, आणि गेल्या काही दशकांत तो पुन्हा जबड्याच्या हाडावर गेला. भार उचलणारा बदलला की त्याची किंमत मोजणाराही बदलतो.

आधी ग्रंथांचा पुरावा घेऊ, कारण पहिला आक्षेप तिथूनच येतो. सुश्रुतसंहितेत मुखरोग पासष्ट सांगितले आहेत, दात काढण्याच्या हत्याराचाही उल्लेख आहे. वरचा दात हलत असला तरी काढू नये, रक्तस्राव होऊन आंधळेपण किंवा तोंड वाकडे होण्याचा धोका असतो, हा सावधगिरीचा इशाराही तिथेच आहे. काश्यपसंहिता बत्तीस दातांपैकी आठ एकदाच उगवणारे आणि बाकीचे दोनदा उगवणारे, अशी विभागणी करते. इतके बारीक निरीक्षण करणाऱ्या या शास्त्रात रिकाम्या जागी कृत्रिम दात बसवण्याचा विधी मात्र नाही. यावर कोणी चरकाचा दाखला देईल: अश्विनीकुमारांनी पूषन् देवाचे मोडलेले दात बरे केले, असे चिकित्सास्थानात म्हटले आहे. म्हटले आहे खरे, पण ते वैद्यकाच्या थोरवीचे वर्णन आहे. तिथे ना साहित्य, ना कृती, ना पथ्य. आणि एरवी चरक या तिन्ही गोष्टींत कंजुषी करीत नाही. शिवाय त्याच पूषनची दुसरी हकीकत यज्ञकर्मात टिकून राहिली. पूषन् दंतहीन आहे, म्हणून त्याचा भाग दळलेल्या धान्याचा. दक्षयज्ञात दात गमावलेल्या देवालाही समाजाने दात दिले नाहीत, पीठ दिले. माणसांच्या बाबतीतही व्यवहार याच वाटेने गेला, असे दिसते.

पनवेल तालुका भाताचा आणि मासळीचा. पेज, मऊ भात, मेतकूट-तूप, नाचणीची आंबील, कालवणात बुडवून कुस्करलेली तांदळाची भाकरी हे पदार्थ बोळक्या तोंडाला चालतात, आणि घरात त्यासाठी वेगळी चूल लागत नाही. विड्याची सोय तर त्याहून बोलकी आहे. सुपारी फोडायला अडकित्ता घरोघर असे, पण म्हाताऱ्यांसाठी पान, सुपारी, चुना, कात एकत्र कुटायचा छोटा खलबत्ता निराळा ठेवलेला असे. तो खलबत्ता म्हणजे तोंडाबाहेर ठेवलेली दाढच. दुसरीकडे पोराचा दुधाचा दात पडला की तो कौलावर फेकायचा आणि उंदरासारखा दात मागायचा, ही रीत होती. मोठ्या माणसाच्या पडलेल्या दातासाठी असे कोणतेही मागणे नाही. तो गेला म्हणजे वयाप्रमाणे गेला, एवढाच त्याचा हिशेब.

कसब नव्हते म्हणून हे असे झाले, असे म्हणता येईल काय? जपानमध्ये सोळाव्या शतकात लाकूड कोरून संपूर्ण कवळ्या बनत होत्या, म्हणजे लाकडाचे काम जाणणाऱ्या समाजाला हे अशक्य नव्हते. पनवेल तर बैलगाडीच्या चाकांसाठी नावाजलेले गाव. घाट चढणाऱ्या गाडीचे चाक अचूक जुळवणाऱ्या सुताराला हिरडीचा साचा घेऊन लाकूड तासणे जमलेच नसते असे वाटत नाही. त्याच्याकडे ते काम कोणी आणले नसावे. युरोपात अठराव्या शतकात पाणघोड्याच्या दाताच्या, अगदी मेलेल्या माणसांचे दात बसवलेल्या कवळ्या श्रीमंत वापरीत. उष्ट्याचा आणि विटाळाचा विचार करणाऱ्या आपल्याकडच्या घरात प्रेताचा दात तोंडात घालण्याची कल्पनाही सोसली नसती. तेव्हा अडचण हातांच्या कौशल्याची नव्हती. गरज भागवण्याची एक व्यवस्था घरात आधीच होती. ती आदर्श होती असे मात्र अजिबात नाही. तिचे कौतुक करताना पहाटे दळणारी आणि दुपारी कुटणारी बाई नजरेआड होते. ज्याच्या घरी ती बाई नव्हती, किंवा मऊ भातावर घालायला तूप नव्हते, त्या म्हाताऱ्याच्या वाट्याला पातळ पेज आणि खंगणे आले. व्यवस्था होती, पण तिचा खर्च बायकांच्या हातांनी आणि गरिबांच्या पोटाने भागवला.

हे बदलायला लागले ते रस्त्यांनी. 1830 मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला आणि मुंबईहून होडीने पनवेल बंदरात उतरून पुण्याकडे जाणे सोपे झाले. 1852 मध्ये इथे नगरपालिका आली. 1872 मध्ये कृष्णशास्त्री पुराणिकांनी श्रीधूतपापेश्वर हा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना इथेच सुरू केला. म्हणजे औषध गावात तयार होऊ लागले होते. दात मात्र बाहेरूनच आले. 1851 मध्ये अमेरिकेत कडक रबराचे पेटंट निघाले आणि त्यातून स्वस्त कवळ्यांचे युग सुरू झाले. 1930 च्या दशकाअखेरीस ॲक्रिलिकने रबराची जागा घेतली. मुंबईत चिनी दंतवैद्यांचे दवाखाने प्रसिद्ध होते, फुटपाथवर दात काढणारे आणि बसवणारेही होते. शिकलेले डॉक्टर फार उशिरा आले. देशातले पहिले दंत महाविद्यालय रफिउद्दीन अहमद यांनी 1920 मध्ये कलकत्त्यात काढले, मुंबईत नायर रुग्णालयाचे 1933 मध्ये निघाले. 1948 च्या दंतवैद्यांच्या कायद्याने पदवी नसलेल्या, पण पाच वर्षे हाच पोटापाण्याचा धंदा असलेल्या मंडळींसाठी नोंदवहीचा वेगळा भाग ठेवला. कायद्यालाही मान्य करावे लागले, की देशाचे बरेचसे दात या बिनपदवीच्या हातांनीच बसवले होते. कवळीमुळे बाईच्या हातातला बत्ता काहीसा हलका झाला खरा, पण ती हिरडीवर टेकते आणि दात नसलेले हाड झिजत जाते. काही वर्षांत साचा सैल होतो, आणि मग पुष्कळ कवळ्या लग्नकार्यापुरत्या तोंडात व एरवी वाटीतल्या पाण्यात राहतात.

इम्प्लांटचे वेगळेपण इथे आहे. स्वीडिश शास्त्रज्ञ ब्रोनेमार्क 1952 च्या सुमारास सशांच्या हाडातला रक्तप्रवाह पाहत होते. त्यासाठी घातलेले टायटॅनियमचे उपकरण हाडातून निघेना, इतके हाड त्याला घट्ट धरून बसले. 1965 मध्ये त्यांनी योस्टा लार्सन या माणसाच्या खालच्या जबड्यात असे खुंट बसवले आणि ते त्याच्या मृत्यूपर्यंत, चाळीस वर्षे टिकले. जगाने ही पद्धत मानली ती 1982 च्या टोरंटो परिषदेनंतर. या शोधात धातूइतकेच महत्त्व थांबण्याला आहे. मूळ पद्धतीत खुंटावर दात चढवण्याआधी खालच्या जबड्यात तीन-चार महिने आणि वरच्या जबड्यात सहा महिने हाड जुळू द्यायचे असे. (ज्या इल्मेनाइटपासून टायटॅनियम काढतात, ती काळी वाळू रत्नागिरीच्या किनाऱ्यावर पडलेली आहे, पण कोकणाने तोंडात तो धातू घेतला, तो जगभर फिरून आल्यावर.) दात काढल्यावर पहिल्या वर्षात त्या जागच्या हाडाची रुंदी निम्म्याच्या आसपास घटू शकते, म्हणून ‘दात पडला, बघू नंतर’ ही जुनी सवय आता महागात पडते.

पनवेलात हे तंत्र रुजले ते शहराच्या आकाराबरोबर. 1970 नंतर सिडकोने नवी मुंबई वसवली, 1998 मध्ये हार्बर मार्गाची लोकल पनवेलपर्यंत आली, 2016 मध्ये महानगरपालिका झाली. कामोठे आणि खारघर ही दंत महाविद्यालये असलेली उपनगरे आता तिच्याच हद्दीत आहेत. इम्प्लांट म्हणजे पैसेवाल्यांची चैन, हा आक्षेप पुष्कळ अंशी खरा आहे. पूर्वी दाताचे काम सुनेच्या श्रमाने भागे, आता ते रोख रकमेने भागते, आणि रोख सगळ्यांकडे नसते. महाविद्यालयांत खाजगी दवाखान्यापेक्षा कमी खर्चात उपचार होतात, तेवढाच उतारा. पण सारा दोष पैशावर टाकून चालणार नाही. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या दातांना लावलेली मिश्री आणि नंतर आलेला गुटखा यांनी हिरड्या आणि जबडे खाल्ले आहेत. महाराष्ट्राने 2012 मध्ये गुटख्यावर बंदी घातली; तरीही तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण टाटा स्मारकाच्या खारघर केंद्रात येतच असतात. शस्त्रक्रियेत जबड्याचा तुकडाच गेला तर आधी पायाच्या हाडाने तो जोडावा लागतो, आणि किरणोपचार झालेल्या हाडात खुंट रुजणे अवघड जाते.

खुंट रुजला तरी काम संपत नाही. टायटॅनियमला कीड लागत नाही, भोवतीची हिरडी मात्र सुजते आणि हाड पुन्हा झिजू शकते, म्हणून तपासणीला जात राहावे लागते. खुंटाचे प्रकार अनेक, प्रत्येकाचा स्क्रू आणि त्याची किल्ली वेगळी. दहा वर्षांनी स्क्रू ढिला झाला आणि तोवर रोगी कळंबोलीहून नाशिकला गेला असेल, तर नव्या डॉक्टरला आधी शोधावे लागते ते त्या खुंटाचे नाव. खलबत्ता सासूकडून सुनेकडे जाताना कसा वापरायचा हे कोणाला लिहून द्यावे लागत नव्हते. इथे कंपनी, माप आणि तारीख लिहिलेले कार्ड लागते, आणि ते जपण्याचे काम रोग्याच्या घराकडे येते.