किंमत ३९ शिलिंग

साल १७६५. लंडनच्या ओल्ड बेली कोर्टात तुम्ही ज्यूरीच्या बाकावर बसला आहात. धंदा मेणबत्त्यांचा, दुकानात दोन नोकर. चोर म्हटला की तुमच्या तळपायाची आग मस्तकाला जाते. कोर्टभर उग्र वासाचा पाला पसरलाय. शेजारच्या न्यूगेट तुरुंगातला ताप इथे शिरू नये म्हणून. पंधरा वर्षांपूर्वी त्या तापाने लंडनचा महापौरच गेला होता.

समोर विशीतली मोलकरीण उभी आहे. तिच्या डोक्यावर आरसा असा बसवलाय, की खिडकीतला उजेड थेट तिच्या तोंडावर पडावा. ओठ थरथरले, नजर झुकली, तरी तुम्हाला दिसतं. मालकिणीच्या घरातला चांदीचा पेला तिने चोरला. किंमत पाच पौंड, म्हणजे १०० शिलिंग. पेला गहाण टाकतानाच ती सापडली. तिच्या बाजूने वकील नाही.

१७१३चा कायदा सांगतो, राहत्या घरातून ४० शिलिंगांची चोरी झाली की फाशी. न्यायाधीशाला दुसरी शिक्षा सुनावता येत नाही. राजाने माफी दिली तरच जीव वाचतो.

इतक्यात तिची आधीची मालकीण पुढे येते. चार वर्षं ही पोरगी घरात होती, कधी सुईसुद्धा हलली नाही, असं शपथेवर सांगते. तुम्ही बारा जण जागेवरच डोकी जवळ आणता. चोरी झाली, यात कुणालाच शंका नाही. पण एका पेल्यासाठी टायबर्नच्या फासावर? कुणीतरी पुटपुटतं, "पेला जुनाच आहे म्हणा." बाकीचे माना डोलावतात. तुमचा प्रमुख उठून निकाल देतो: दोषी, चोरीची किंमत ३९ शिलिंग.

कुणी हसत नाही. पाच पौंडांचा पेला एवढा स्वस्त कसा झाला, हे न्यायाधीशही विचारत नाहीत. सात वर्षं अमेरिकेतल्या वसाहतीत हद्दपारी. पोरीचा जीव वाचला.

पुढचा आरोपी परगावचा. त्यानेही कुणाच्या घरातून तीन पौंडांचं घड्याळ उचललंय. त्याच्यासाठी चांगला शब्द टाकणारं मात्र कोर्टात कुणी नाही. या वेळी तुम्हाला हिशेबात चूक करावीशी वाटत नाही. घड्याळाची किंमत तीन पौंडच राहते आणि तो फाशीचा धनी होतो. शिक्षा जास्त आहे, हे तुम्हाला मघाशी कळलं होतं. ती कुणासाठी जास्त आहे, हे तुम्ही ओळख पाहून ठरवलंत.

हा खेळ पुढे कित्येक वर्षं चालला. १८२७ साली पार्लमेंटने फाशीची मर्यादा पाच पौंडांवर नेली, तर ज्यूरी चोरीची किंमत ९९ शिलिंग ठरवू लागल्या. अखेर १८३२ साली घरातल्या अशा चोरीची फाशी कायद्यातूनच काढावी लागली.